पन्नास जण जाणार होते, दोघे उतरले

ऑक्टोबर १९५२ मध्ये ‘कॉलिअर्स’ या अमेरिकी नियतकालिकाने माणूस चंद्रावर कसा पोहोचेल याची तपशीलवार योजना छापली. ती जर्मनीतून अमेरिकेत आलेले अग्निबाण-अभियंते वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखली होती, आणि चेस्ली बोनस्टेल यांच्यासारख्या चित्रकारांनी तिला इतके ठसठशीत रूप दिले होते, की पुढची अनेक वर्षे सामान्य वाचकाच्या मनात चंद्रमोहीम म्हणजे तीच चित्रे होती. योजनेप्रमाणे पन्नास शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ तीन यानांतून निघणार होते आणि चंद्राच्या उत्तरेकडील सायनस रोरिस या सपाट प्रदेशात सहा आठवडे मुक्काम करणार होते. ही याने पृथ्वीवरून सुटणारच नव्हती. पृथ्वीपासून सुमारे १,७०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अवकाशस्थानकाजवळ त्यांची जुळणी व्हायची होती, आणि त्यासाठी लागणारे सुटे भाग व इंधन मालवाहू अग्निबाणांच्या असंख्य फेऱ्यांतून वर न्यायचे होते. प्रत्येक यानाची उंची सुमारे ४९ मीटर आणि इंधनासह वजन चार हजार टनांच्या आसपास होते. वातावरणातून कधीच जायचे नसल्याने त्यांना निमुळते टोक नव्हते, पत्र्याचे आवरण नव्हते; उघड्या सांगाड्यात बसवलेल्या टाक्या आणि वर माणसांसाठी एक गोल, एवढाच त्यांचा आकार होता. तिसरे यान परत न येणारे होते. त्याच्या मालाच्या कोठ्याचे दोन भाग करून चंद्रावर निवारे उभारायचे आणि ट्रॅक्टरमधून दूरवरच्या विवरापर्यंत जायचे, असा बेत होता.

२० जुलै १९६९ रोजी अमेरिकेच्या अपोलो-११ मोहिमेत प्रत्यक्षात दोघे उतरले. ते साडेएकवीस तास चंद्रावर होते. त्यांपैकी यानाबाहेर जेमतेम अडीच तास. ते परत निघाले तेव्हा ज्या भागात बसून, खरे तर उभे राहून, ते वर उडाले त्याचे वजन इंधनासह पाच टनांहूनही कमी होते.

या दोन मोहिमांच्या आकड्यांमधले अंतर पाहून जुन्या आराखड्यांना हसण्याची एक पद्धत पडली आहे आणि ती मला मान्य नाही. फॉन ब्राउन यांचे गणित चुकलेले नव्हते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या हौशी सभासदांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातही बरेच काही अचूक होते. तिघांना घेऊन जाणारे त्यांचे हजार टनांचे यान मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी कप्प्यांत बसवलेल्या दोन हजारांहून अधिक घन-इंधन नळ्यांचे होते, आणि जळून गेलेली नळी तिथेच टाकून द्यायची, हे त्यामागचे तत्त्व होते. निरुपयोगी झालेले वजन पुढे वाहून न्यायचे नाही, हा धडा त्यांना पक्का ठाऊक होता. त्यांनी आणि फॉन ब्राउन यांनीही एकच गोष्ट सोडली नव्हती: ज्या यानातून माणसे चंद्राकडे जातील तेच अखेरीस जमिनीवर उतरेल आणि तेच परतीला निघेल. फॉन ब्राउन यांच्या योजनेत पृथ्वीवर उतरण्याचे काम स्थानकावरून येणाऱ्या वेगळ्या यानाकडे होते, तरी चंद्रावरचा पूर्ण डोलारा खाली-वर होणारच होता.

१९५९ मध्ये अमेरिकी लष्कराने ‘होरायझन’ नावाची योजना मांडली, तिच्यात १९६६ च्या अखेरीस चंद्रावर बारा सैनिकांचे ठाणे असायचे होते. हवाई दलाच्या ‘ल्युनेक्स’ योजनेत एकवीस जणांचा तळ होता. दोन्ही योजना कागदावर राहिल्या, आणि लष्करी ठाण्याने चंद्रावर नेमके काय राखायचे होते हे पाहता ते बरेच झाले.

मे १९६१ मध्ये केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि प्रश्नच बदलला. तोवर प्रश्न होता चंद्रावर कसे राहायचे, आता तो झाला ठरलेल्या मुदतीत कसे जाऊन यायचे. सुरुवातीला नासातील बहुतेकांना सरळ वाट पसंत होती. ‘नोव्हा’ हा महाकाय अग्निबाण बांधायचा, त्याच्या टोकाशी बसवलेले यान थेट चंद्रावर उतरवायचे आणि तेच परत आणायचे. मात्र हे यान एखाद्या उभ्या मनोऱ्यासारखे शेपटीकडून खाली यायचे होते, आणि टोकाशी पाठीवर आडव्या पडलेल्या अंतराळवीरांना खालची जमीन दिसणार कशी, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते. दुसरा पर्याय फॉन ब्राउन यांच्या जुन्या विचाराशी जवळचा होता: लहान अग्निबाणांनी भाग वर न्यायचे आणि पृथ्वीच्या कक्षेत जोडायचे.

तिसऱ्या पर्यायाचा आग्रह नासाच्या लँगली केंद्रातील जॉन हूबोल्ट या अभियंत्याने धरला. मूळ कल्पना त्यांची नव्हती. युक्रेनमध्ये जन्मलेल्या युरी कोंद्रात्युक यांनी काही दशके आधीच ती लिहून ठेवली होती. कल्पना अशी, की मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवायचे, फक्त उतरण्यापुरते लहान यान खाली पाठवायचे, आणि वर आल्यावर माणसांना घेऊन तेही तिथेच सोडून द्यायचे. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणारे जड उष्णतारोधक कवच, हवाई छत्र्या आणि परतीचे इंधन चंद्राच्या जमिनीपर्यंत उतरवून पुन्हा वर उचलण्यात काहीच अर्थ नाही, हे एकदा लक्षात आले की बाकीचे गणित आपोआप मांडले जाते. चंद्रावरून उचलायच्या प्रत्येक किलोमागे तिथवर नेण्याचे इंधन लागते, त्या इंधनाला वाहून न्यायला आणखी इंधन, आणि ही साखळी फ्लोरिडाच्या प्रक्षेपणतळापर्यंत मागे जाते. हूबोल्ट यांच्या मार्गाने एकूण वजन जवळपास निम्म्यावर येत होते, म्हणजे सर्व काही एकाच सॅटर्न-५ अग्निबाणावर मावत होते.

विरोधही समजण्यासारखा होता. अवकाशात दोन यानांची भेट तोवर कोणीही घडवून आणली नव्हती आणि हा माणूस ती पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर, चंद्रामागे घडवायला सांगत होता. पृथ्वीच्या कक्षेत जोडणी फसली तर घरी येता येते, चंद्राच्या कक्षेत फसली तर येता येत नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये हूबोल्ट यांनी मधल्या सर्व अधिकाऱ्यांना ओलांडून नासाच्या वरिष्ठांना थेट पत्र लिहिले. सरकारी नोकरीत असे पत्र लिहिण्याचे धाडस काय असते हे आपल्याकडील वाचकाला वेगळे सांगायला नको. जून १९६२ मध्ये खुद्द फॉन ब्राउन यांनी, जे तेव्हा नासाच्या मार्शल केंद्राचे प्रमुख होते, स्वतःच्या केंद्राला पसंत असलेली पृथ्वीच्या कक्षेतील जुळणी बाजूला ठेवून, या मार्गाला पाठिंबा दिला आणि पुढच्याच महिन्यात नासाचा निर्णय जाहीर झाला. पन्नास जणांच्या मोहिमेचे स्वप्न विकणाऱ्या माणसाने दोघांच्या मोहिमेला होकार द्यावा, हा मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोठ्या मनाचा क्षण वाटतो.

जुन्या बेताची एक खूण मात्र अपोलोमध्ये शेवटपर्यंत राहिली. मुख्य यानाचे कंत्राट नोव्हेंबर १९६१ मध्येच दिले गेले होते, तेव्हा ते यान स्वतः चंद्रावर उतरेल असे गृहीत होते. त्यामुळे त्याचे मोठे इंजिन चंद्राच्या जमिनीवरून सर्व यान उचलण्याच्या हिशेबाने ठरले. मार्ग बदलला तरी इंजिन तेच राहिले, आणि अपोलोची मुख्य याने गरजेच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचे इंजिन घेऊन चंद्राभोवती फिरली.

उतरणाऱ्या यानाच्या बाबतीत अशी उधळपट्टी परवडणारी नव्हती. ग्रुमन कंपनीत टॉम केली यांच्या हाताखाली तयार होऊ लागलेल्या पहिल्या आराखड्यांत हेलिकॉप्टरसारख्या मोठ्या काचा आणि बसायला आसने होती. काचा जड, म्हणून त्या लहान करायच्या. पण लहान काचेतून आसनावर बसून खाली दिसत नाही. मग कोणीतरी आसनेच काढून टाकण्याचे सुचवले. उभा माणूस डोळे काचेजवळ नेऊ शकतो, त्यामुळे छोट्या त्रिकोणी खिडक्या पुरल्या, आणि चंद्राच्या क्षीण गुरुत्वाकर्षणात काही मिनिटे उभे राहण्याचा त्रास तो काय! पाच पायांचे चार झाले. सुरुवातीच्या प्रतिकृतीत खाली उतरण्यासाठी शिडीऐवजी दोर होता. अवजड पोशाखात त्यावरून चढउतार करून पाहिल्यावर शिडी आली. वजन कमी करण्याची मोहीम इतकी टोकाला गेली, की माणसांच्या कक्षाची भिंत काही ठिकाणी ०.३ मिलिमीटर एवढीच उरली.

सोव्हिएत अभियंत्यांनीही वजनापुढे हात टेकून हाच मार्ग धरला, पण त्यांचा एन-१ अग्निबाण कमी वजन उचलणारा होता, म्हणून त्यांच्या बेतात एकच अंतराळवीर उतरणार होता, आणि दोन यानांमध्ये बोगदा नसल्याने त्याने अंतराळपोशाखात बाहेरून चालत पलीकडच्या यानात शिरायचे होते. एन-१ ची चारही उड्डाणे फसली.

सर्वांत धोकादायक ठरवलेल्या मार्गाने पुढे जीव वाचवले, हा या हकिगतीतला अनपेक्षित भाग. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या मुख्य यानातील प्राणवायूची टाकी फुटली तेव्हा तिघे जण उतरण्यासाठी नेलेल्या, स्वतंत्र इंजिन आणि हवा असलेल्या यानाच्या आधाराने परतले. सरळ वाटेच्या योजनेत असे दुसरे यानच नव्हते.

किंमत मोजली ती विज्ञानाने. फॉन ब्राउन यांच्या पन्नास जणांत शास्त्रज्ञांचा ताफा होता. चंद्रावर प्रत्यक्ष चाललेल्या बारा जणांत व्यावसायिक भूवैज्ञानिक एकच, डिसेंबर १९७२ मध्ये गेलेले हॅरिसन श्मिट. शास्त्रज्ञ चंद्रावर गेले नाहीत, तेव्हा चंद्राचे दगड शास्त्रज्ञांकडे आले. सहा मोहिमांत मिळून ३८२ किलो नमुने आणले गेले, आणि त्यांतील काहींचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने केला. तळ मात्र कोणीच बांधला नाही. मुदत पाळण्यासाठी निवडलेला मार्ग राहण्यासाठी मुळात आखलेलाच नव्हता, आणि १९७० मध्येच पुढच्या तीन मोहिमा रद्द झाल्या.

१९६२ मध्ये मागे पडलेला पृथ्वीच्या कक्षेतील जुळणीचा पर्याय आता परत आला आहे. माणसांना चंद्रावर उतरवण्यासाठी नासाने २०२१ मध्ये निवडलेले स्पेसएक्स कंपनीचे स्टारशिप यान पृथ्वीभोवती फिरत असताना इंधन भरून घेणार आहे, आणि त्याची सुमारे ५० मीटर उंची फॉन ब्राउन यांच्या कागदावरील यानाशी जवळपास जुळते. चंद्राची माती आणण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळालेली, माणसांविना जाणारी आपली चांद्रयान-४ मोहीम तर दोन्ही पर्याय एकत्र करते. इस्रोच्या एलव्हीएम-३ अग्निबाणावर सगळे एकदम मावत नसल्याने दोन प्रक्षेपणांतून नेलेले भाग आधी पृथ्वीच्या कक्षेत जोडले जातील, आणि माती घेऊन वर आलेला भाग चंद्राच्या कक्षेत वाट पाहणाऱ्या यानाला गाठेल. त्यासाठी लागणाऱ्या डॉकिंगची, म्हणजे अवकाशात दोन याने जोडण्याची, पहिली चाचणी इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये यशस्वी केली.