आमची वाटचाल : वेबसाइट पाहणाऱ्यापासून छपराच्या कामापर्यंत

दापोली आणि मंडणगड तालुक्यांत छपरांची कामे करणारी आमची फर्म वडिलांच्या काळापासून चालत आली आहे. त्या काळी गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. एप्रिल-मेमध्ये शाकारणीची वेळ झाली की वाडीतून निरोप येत, कौले चाळून फुटकी बदलली जात, कुजलेले वासे आणि रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या, काढून नवे लाकूड बसवले जाई, आणि एका घराचे काम पाहूनच शेजारचे घर आमच्याकडे येई. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याचा तडाखा आमच्या दोन्ही तालुक्यांनाही बसला. कौलेही उडाली आणि पत्रेही. करोनाच्या निर्बंधांमुळे मुंबई-पुण्यातल्या घरमालकांना गावी येणे अवघड झाले होते, म्हणून त्यांनी आपापल्या मोबाइलवरच छप्पर दुरुस्त करणाऱ्यांचा शोध सुरू केला. आमची वेबसाइट त्या पावसाळ्यात उभी राहिली.

नाव, पत्ता, कामांची छायाचित्रे आणि खाली एक फॉर्म, एवढेच तिचे पहिले रूप होते. पाहणारे बरेच येत, पण चौकशी करणारे थोडे. वेबसाइटवर लोक केव्हा आणि कशावरून येतात हे दाखवणाऱ्या गूगल अॅनालिटिक्सवरून लक्षात आले की बहुतेक जण मोबाइलवरून, रात्री जेवणानंतर येतात आणि कामांच्या छायाचित्रांवर सर्वाधिक वेळ थांबतात. ही माणसे वेळ घालवायला आलेली नसतात. ज्याचे घर गळते आहे आणि जो स्वतः तिथे नाही, तो आपला नंबर देण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार करत असतो: खर्च किती येईल, माझ्यामागे देखरेख कोण करील, आणि नंबर दिल्यावर दिवसभर फोन तर येत राहणार नाहीत ना. या तीन प्रश्नांना आधी उत्तरे द्यायची आणि मगच नंबर मागायचा, या विचाराने पुढची सारी रचना ठरली.

खर्चाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. या व्यवसायात दर लिहून ठेवण्याची पद्धत नाही, कारण पत्र्याचे भाव हलतात आणि जागा पाहिल्याशिवाय लाकडाची अवस्था कळत नाही. तरीही आम्ही दराच्या मर्यादा लिहिल्या आणि त्यांच्याशेजारी छपराचे क्षेत्रफळ कसे काढतात हेही दाखवले. घर 30 बाय 40 फुटांचे, म्हणजे 1,200 चौरस फुटांचे असेल, तर अनेकांना छप्परही तेवढेच वाटते. चारही बाजूंना छपराची कड, म्हणजे पाख, भिंतीच्या 2 फूट पुढे काढला की ते 34 बाय 44 फूट होते, आणि उतार 30 अंशांचा धरला की प्रत्यक्ष छप्पर सुमारे 1,730 चौरस फूट भरते. हा हिशेब कळला नाही, तर मालकाला ठेकेदाराचे मोजमाप फुगवलेले वाटते आणि बोलणे तिथेच तुटते. आता तो स्वतः लांबी, रुंदी आणि उतार भरून आकडा काढतो आणि त्याच आकड्यावर आमच्याशी बोलतो. असा माणूस फोन करतो तेव्हा त्याचा निम्मा निर्णय झालेला असतो, असा माझा अनुभव आहे.

गूगल सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द शोधून आले ते दिसते, आणि त्यातून काय लिहावे हे समजत गेले. माकडांनी कौले फोडली तर काय करावे, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज कमी कसा होईल, खाली पत्रा आणि वर कौले बसवता येतात का, समुद्राजवळ पत्रा किती टिकतो, असे ते प्रश्न होते. प्रत्येकाला आम्ही स्वतंत्र आणि सविस्तर उत्तर लिहिले. उदाहरणार्थ, पत्र्याची जाडी सांगताना ती मूळ पोलादाची की वरच्या लेपासह, हे विचारून घ्यावे. अॅल्युमिनियम-झिंक लेपाच्या पत्र्यावर ‘एझेड 150’ असे लिहिलेले असेल, तर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला 150 ग्रॅम लेप आहे असा त्याचा अर्थ होतो. आणि स्क्रूखालचा रबरी वॉशर निकृष्ट असेल, तर चांगला पत्राही त्या भोकातून गळू लागतो. ही माहिती वाचून एखादा दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला, तरी मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण त्याचे छप्पर निदान नीट होईल. प्रत्यक्षात बहुतेक लोक ज्याने समजावून सांगितले त्यालाच विचारतात.

फॉर्म आम्ही लहान केला. त्यात नाव, मोबाइल नंबर, गाव आणि वाडी, छायाचित्र असल्यास ते, आणि एक प्रश्न आहे जो शहरातल्या वेबसाइटवर सहसा दिसणार नाही: घराची किल्ली कोणाकडे आहे? आमच्या भागातली कितीतरी घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. किल्ली शेजारच्या काकूंकडे किंवा एखाद्या भाऊबंदाकडे असते. हे उत्तर हाती असले की मालकाला रजा घ्यावी लागत नाही, कारण आमचा माणूस जाऊन मोजमाप घेतो, आतून वासे आणि आढे, म्हणजे माथ्यावरचे आडवे लाकूड, पाहतो आणि चालता-बोलता व्हिडिओ पाठवतो. किल्लीवाल्यांना मालकाने आधी स्वतः कळवलेले असावे, हा नियम मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो.

दुसरी गोष्ट सामाईक घरांची. चौकशी एक भाऊ करतो, पैसे चौघांचे असतात, आणि त्यांतला एखादा बडोद्याला किंवा परदेशात असतो. त्यामुळे आमचे अंदाजपत्रक ज्यांनी वेबसाइट कधी पाहिलेलीही नाही अशा भावंडांसाठी लिहिलेले असते. दोन पानांत छायाचित्रांवर खुणा करून कुठले लाकूड राहील आणि कुठले बदलावे लागेल, पत्र्याची जाडी आणि लेप कोणता, जीएसटी धरून रक्कम किती आणि ती कोणकोणत्या टप्प्यांवर द्यायची, हे सारे मराठीत येते. ते घरच्या व्हॉट्सअॅप गटावर तसेच्या तसे फिरते. निर्णय अनेकदा तिथेच होतो.

पावसाळ्यात मात्र वेबसाइटचे पहिले पान आम्ही बदलतो. जूनपासून गणपतीपर्यंत येणाऱ्याला माहिती वाचायची नसते, त्याला माणूस हवा असतो. म्हणून फोन आणि व्हॉट्सअॅपची बटणे सर्वांत वर येतात आणि ताडपत्री घालून तात्पुरती गळती थांबवण्याची सोय ठळकपणे दिसते. वाडीवर नेटवर्क क्षीण असते, म्हणून छायाचित्रे हलकी करून ठेवली आहेत.

आलेल्या चौकशीला त्याच संध्याकाळी उत्तर देण्याचे काम माझ्या पत्नीकडे आहे. तिने छपरांवर उभे राहून मोजमापे घेतली आहेत, त्यामुळे समोरच्याला पाठ केलेली उत्तरे मिळत नाहीत. अंदाजपत्रक पाठवल्यानंतर आम्ही दोनदाच विचारणा करतो आणि पुढे थांबतो. दिलेला नंबर दुसऱ्या कोणालाही दिला जाणार नाही, हे फॉर्मच्या खालीच लिहिलेले आहे आणि ते पाळले जाते.

पाऊस कोकणात साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. उघडे केलेले छप्पर त्याआधी बंद झालेच पाहिजे, म्हणून 10 मेनंतर आम्ही पूर्ण छपराचे नवे काम घेत नाही आणि ही तारीख फेब्रुवारीपासूनच वेबसाइटवर लावतो. त्यामुळे शिमग्याला गावी येणारे मालक आता निघण्यापूर्वीच चौकशी नोंदवतात आणि जागेवर प्रत्यक्ष भेट होते.