सराफकट्ट्याची सहल: आधी पंचांग, मग तिजोरी, मग समुद्र

तालुक्याच्या सराफ संघटनेची वार्षिक कौटुंबिक सहल ठरवताना पहिला प्रश्न हमखास "कुठे जायचं?" असा असतो. खरं तर तो शेवटचा प्रश्न आहे. आपल्या धंद्यात सगळ्या पेढ्या एकाच वेळी बंद ठेवणं सोपं नाही, त्यामुळे तारीख आणि दुकानाची सुरक्षितता पक्की झाल्याशिवाय ठिकाणाचं नावही काढू नये.

तारखेसाठी पौष महिना उत्तम. लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतातच, हवा चांगली असते, कारागिरांच्या हातात ऑर्डरी कमी असतात. पितृपक्षातही दुकान रिकामं असतं खरं, पण तेव्हा घरोघरी श्राद्धाच्या तिथी असतात आणि पाऊस गेलेला नसतो. माघात लग्नं पुन्हा सुरू होतात, शिवाय माघ वद्य तृतीयेला संत नरहरी सोनारांची पुण्यतिथी असते. पौषातही काही दिवस टाळावे लागतात. 24 डिसेंबर ते 2 जानेवारी कोकणात खोली मिळत नाही आणि मिळाली तर दर अंगावर येतात. संक्रांतीला बायकांना घर सोडवत नाही. 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी, या जीएसटीच्या विवरणपत्रांची मुदत असते, म्हणून त्याआधीचे दोन दिवस हिशेबनिसाला मोकळे ठेवा. गुरुपुष्यामृत पौषात येतंय का, तेही बघा. त्या दिवशी दुकान बंद ठेवायला कुणीच तयार होणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

बाजार सोमवारी बंद असेल तर रविवार-सोमवार निवडावा. शनिवारच्या रात्रीपेक्षा रविवारच्या रात्री कोकणात खोल्या स्वस्त आणि मोकळ्या असतात. मुलांची एक दिवस शाळा बुडते, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

आता तिजोरी. गावातले सगळे सराफ दोन दिवस बाहेर आहेत, ही बातमी चोरापर्यंत पोचायला एक व्हॉट्सॲप स्टेटस पुरतं. बाजारात फलक नको, वर्तमानपत्रात बातमी नको, फोटो परत आल्यावरच टाकायचे. आठ दिवस आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन तारखा कळवाव्यात आणि पोच घ्यावी. ज्वेलर्स ब्लॉक विमा (सराफाच्या मालाचा विमा) असेल तर अटी पुन्हा वाचा: दुकान बंद असताना शोकेसमधल्या मालाला बहुधा संरक्षण नसतं, कुलूपबंद तिजोरीतलाच माल धरतात. शक्य तेवढा माल बँकेच्या लॉकरमध्ये जावा. हॉलमार्किंगला गेलेले नग आदल्या दिवसापर्यंत परत आणावेत. दुरुस्तीचे दागिने गिऱ्हाइकाला आधी देऊन टाकावेत, नाहीतर सहलीत फोन थांबत नाही. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, इन्व्हर्टरवर आहे का, तेही तपासा. लाइट गेली की रेकॉर्डिंग बंद पडतं. कट्ट्यावरच्या दोन सभासदांनी पाळीपाळीने मागे राहावं. पुढच्या वर्षी त्यांची वर्गणी माफ.

काही ठिकाणी निम्मे लोक या आठवड्यात, निम्मे पुढच्या, अशा तुकड्या करतात. दुकानांच्या दृष्टीने ते सोयीचं, पण माणसं आपापल्या ओळखीच्या तुकडीत शिरतात. समोरासमोरच्या दुकानांतली, भावावरून वर्षभर ताणलेली दोन घरं एका बसमध्ये बसावीत, यासाठीच तर हा सगळा खटाटोप असतो. म्हणून एकच तुकडी न्यावी, आणि कारागिरांनाही घ्यावं. बंगाली कारागीर अनेकदा सभासद नसतो, घर हजारो किलोमीटर दूर असतं, आणि कट्टा त्याच्या हातावर चालतो. त्याची वर्गणी मालकाने भरावी.

पैशांत चूक ठरलेली असते. समजा बस, टोल आणि चालकाचा भत्ता मिळून 48,000 रुपये. 40 माणसं धरून माणशी 1,200 लावले आणि 32 च आली, तर 9,600 रुपये अंगावर येतात. म्हणून भागाकार सुरुवातीलाच 32 ने करा, माणशी 1,500. जास्त माणसं आली तर उरलेले परत द्या. खोली-जेवण वेगळं लावा. मुलांना अर्धं तिकीट जेवणात द्या, बसमध्ये नको. पाच वर्षांच्या मुलालाही सीट पूर्ण लागते. ऐनवेळी गळती झाली तर जेवणाचे पैसे परत, बसचे नाहीत. जागा दुसऱ्या सभासदाला देता येईल. एसटीची अख्खी बसही प्रासंगिक करारावर, म्हणजे सहलीपुरती भाड्याने, मिळते, तिचाही दर विचारून घ्यावा. संघटनेच्या निधीतून सहलीचा खर्च करू नये. जे येत नाहीत त्यांचाही तो पैसा आहे.

कोल्हापूरच्या बाजूने गणपतीपुळे सोयीचं. आंबा घाटातून साधारण 145 किलोमीटर, नाश्त्यासह साडेचार तास; रस्त्याचं काम चालू असेल तर तासभर जास्त. पाचला जमायचं सांगा, म्हणजे साडेपाचला बस हलते. घाटाआधी मिसळ नको, पोहे किंवा इडली द्या. बस लागणाऱ्यांनी गोळी घाटाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. 45 माणसांना प्रवासात दोन लिटर धरून 90 लिटर पाणी, म्हणजे 20 लिटरचे पाच जार. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक द्या आणि प्रत्येक थांब्यावर क्रमांकाने मोजा. डोकी मोजताना मुलं इकडून तिकडे पळतात.

जेवण दोन वेळांना ठेवा. जैन कुटुंबं सूर्यास्ताआधी जेवतात आणि जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणून त्यांचं पान साडेपाचला, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय, वेगळ्या भांड्यात. बाकीच्यांचं साडेआठला. मोदक हवे असतील तर संख्या आदल्या दिवशी कळवा. मासे खाणाऱ्यांनी रत्नागिरीत स्वतःच्या खर्चाने खावेत.

इथला समुद्र फसवा आहे. किनारा एकदम खोल होतो आणि पाण्याला ओढ असते. गुडघ्याच्या वर जायचं नाही, अंधार पडल्यावर तर मुळीच नाही. पाण्यात उतरण्याआधी अंगठ्या, चेन, पाटल्या काढून ठेवायला लावा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी नकळत निसटते. वाळूत ती सापडत नाही.

रात्री जेवणानंतर धंद्याची चर्चा एक तासच ठेवा. बायकांनाही बसवा, अनेक पेढ्यांचं काउंटर त्याच सांभाळतात. मग खेळ. पितळी बांगड्या हातात देऊन वजन ओळखायला लावा, खिशातल्या काट्यावर लगेच पडताळा. उत्तर ग्रॅममध्ये नाही, गुंजांत मागा: 96 गुंजांचा जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे गुंज साधारण 0.12 ग्रॅमची. म्हातारे कारागीर इथे सगळ्यांना हरवतात आणि पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात.

दुसऱ्या दिवशी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, परतीच्या वाटेवर, त्या दिवशी उघडा असेल तर, रत्नागिरीचा थिबा राजवाडा, आणि दुपारी दोनच्या आत घाटाकडे निघायचं. चालकाला रात्री झोपायला नीट खोली मिळाली होती ना, हे सकाळीच विचारून घ्या. गावात पोचल्यावर आधी दुकानाची कुलपं बघायची, मग घरी. हिशेब पावत्यांसह आठ दिवसांत कट्ट्यावर लावा आणि उरलेले पैसे त्याच दिवशी परत करा.