पॉमेल बदलायला आलेली तलवार

गेल्या फेब्रुवारीत लीड्समधल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये एक गृहस्थ कापडात गुंडाळलेली तलवार घेऊन आले, तेव्हा हे दोन आठवड्यांचे आणि फारसे डोके न खाणारे काम आहे, असे मी त्यांना सांगून बसलो. पंधराव्या शतकातल्या एकहाती तलवारीची ती कारखान्यात तयार झालेली प्रतिकृती होती. पाते चांगले होते, मूठ मात्र कुठल्याच शतकाची नव्हती. हे गृहस्थ टाउटनच्या लढाईच्या स्मरणार्थ होणाऱ्या प्रात्यक्षिकांत भाग घेतात. २९ मार्च १४६१ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, भर हिमवर्षावात यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांच्या फौजा इंग्लंडच्या गादीसाठी जिथे भिडल्या, ते मैदान माझ्या वर्कशॉपपासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे, आणि तिथे जमणाऱ्या मंडळींत कोणाच्या पट्ट्याचे बकल कोणत्या दशकातले, यावरूनही वाद झडतात.

त्यांना मुठीच्या टोकाचा चाकाच्या आकाराचा पॉमेल, म्हणजे धातूचा गड्डा, काढून त्याजागी अत्तराच्या कुपीच्या बुचासारखा, खाली निमुळता आणि वर रुंद होत जाणारा पॉमेल हवा होता. तलवारींचे वर्गीकरण करणाऱ्या ईवार्ट ओकशॉट यांनी पॉमेलच्या आकारांना इंग्रजी अक्षरे दिली, त्यांत हा आकार ‘टी’ या अक्षराखाली येतो. खरे सांगायचे तर चाकाचा पॉमेलही १४६१ मध्ये खपून गेला असता. पण गिऱ्हाइकाची हौस आणि इतिहास एकमेकांच्या आड येत नसतील, तर मी हौसेच्या बाजूने उभा राहतो. शिवाय क्रॉसगार्ड, म्हणजे पात्याला काटकोनात बसणारा आडवा दांडा, बारीक करायचा होता, मुठीवर चामडे चढवायचे होते आणि तलवार ‘जड लागते’ त्यावर काही उपाय करायचा होता.

जड लागते म्हणून मी आधी काट्यावर ठेवली. १,५४० ग्रॅम भरले. ब्रिटिश म्युझियममध्ये विथम नदीत १८२५ साली सापडलेली, याहून दीड-दोनशे वर्षे जुनी तलवार आहे, ती ९६.४ सेंटिमीटर लांब असून तिचे वजन १.२ किलो आहे. म्हणजे आमची तलवार थोडी जाडजूड होती हे खरे, पण मनगटाला त्रास द्यायला तेवढे वजन पुरेसे नव्हते. बोटावर तोलून पाहिली, तेव्हा तोल क्रॉसगार्डपासून तब्बल १७ सेंटिमीटर पुढे निघाला. कारखान्याने बसवलेला पॉमेल आतून पोकळ होता, आणि मागे वजनच नसल्यामुळे सगळे पाते हाताला पुढे ओढत होते.

गुरुवारी सकाळी मूठ उघडायला घेतली. पात्याचे मुठीत जाणारे शेपूट, म्हणजे टँग, पॉमेलमधून आरपार निघून वर ठोकून बसवलेले असते. ते डोके कानशीने उतरवले, लाकडी ठोकळा लावून पॉमेल सोडवला आणि मुठीचे लाकूड पटाशीने दोन फाकांत वेगळे केले. क्रॉसगार्डचे भोक टँगपेक्षा चांगले तीन मिलिमीटर मोठे होते आणि ती फट इपॉक्सी गोंदाने बुजवलेली होती. असली चलाखी मी अनेकदा पाहिली आहे, तिचे आता काही वाटत नाही. इपॉक्सी खरवडल्यावर मात्र पाते जिथे संपते आणि टँग सुरू होते, त्या खांद्याच्या कोपऱ्यात केसासारखी एक रेघ दिसली. हा कोपरा अगदी काटकोनात, धारदार कापलेला होता. तिथे थोडी गोलाई ठेवायची असते, कारण प्रत्येक फटक्याचा ताण नेमका तिथे येऊन साठतो.

पुण्यात मी बारा वर्षे टूलरूममध्ये काढली आहेत, त्यामुळे नजरेवर विसंबायची सवय नाही. भाग साफ केला, डीपी टेस्टचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा दाखवणाऱ्या चाचणीचा, लाल रंग फवारला, पंधरा मिनिटे थांबलो, फडक्याने पुसून वर पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्या थरावर आधी एक लाल ठिपका उमटला, मग त्याच्या पुढे दुसरा, आणि बघता बघता त्यांची एक सलग रेघ झाली. व्हर्नियर लावून रेघ मोजली: सहा मिलिमीटर. टँगची तिथली रुंदी बावीस. पाच आठवड्यांनी हीच तलवार माणसांच्या गर्दीत फिरणार होती, या विचाराने मी चहा करायला उठलो आणि तो तसाच गार झाला.

दुपारी पुण्याला आमच्या जुन्या फोरमनना, अण्णांना, फोन लावला.

“अण्णा, चीर ‘व्ही’ आकारात कोरून वेल्डने भरली तर?”

“अरे, स्प्रिंग स्टील ना ते? वेल्ड भरशील आणि शेजारी नवी चीर पाडशील. खांदाच पुढे सरकव की.”

इतके साधे उत्तर मला सुचले नव्हते, याची लाज वाटली. चिरेसकट जुना खांदा काढून टाकायचा आणि पात्यात २५ मिलिमीटर पुढे नवे खांदे कापायचे. पाते तेवढे आखूड होईल, टँग तेवढे लांब होईल. पाते एका देशाचे आणि मूठ दुसऱ्या देशाची, हा प्रकार आपल्याकडच्या फिरंगी तलवारींत उघड दिसतोच. जुन्या पात्याला नवी मूठ चढवण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

गिऱ्हाइकाला फोटो पाठवला. ते बराच वेळ गप्प होते; मग “गेल्या वर्षी याच तलवारीने मी किती फटके मारले आहेत,” एवढेच म्हणाले आणि कामाला होकार दिला.

नवे खांदे पाणी सोडत सावकाश ग्राइंड केले, कारण कडा तापून निळी पडली की पोलादाला पाणी देऊन आणलेला कडकपणा गेला, आणि कोपऱ्यांना गोल कानशीने तीन मिलिमीटरची गोलाई दिली. पुन्हा डीपी टेस्ट. पांढरा थर पांढराच राहिला. नवा पॉमेल जुन्यापेक्षा दीड सेंटिमीटर उंच होता, त्यामुळे वाढलेल्या टँगपैकी बराच भाग त्यातच खपला. मुठीच्या ॲश लाकडावर तागाची दोरी गुंडाळून वर ओले वासराचे कातडे ताणले, त्यावर पुन्हा दोरी आवळून रात्रभर ठेवली. सकाळी वरची दोरी सोडली, तेव्हा कातड्यावर आतल्या दोरीचे वळ उठून आले होते. म्यानात पाणी जाऊ नये म्हणून क्रॉसगार्डवर चामड्याची छोटी झडपही शिवली, जी त्यांनी मागितली नव्हती.

शेवटी पाते ओल्या गोणपाटात गुंडाळून टँगचे टोक लाल केले आणि हातोडीने पॉमेलवर बसवले. काट्यावर १,५९० ग्रॅम, तोल १४ सेंटिमीटरवर.

गृहस्थ आले, तलवार उचलून दोनदा फिरवली आणि किती ग्रॅम कमी केलेत, असे विचारू लागले. पन्नास वाढले आहेत म्हटल्यावर त्यांनी मलाच पुन्हा वजन करायला लावले.