पाडव्याची ओवाळणी

काल माळ्यावर चढून कंदिलाचा सांगाडा खाली काढला, धूळ झटकली आणि बघते तर एका कोपऱ्यातली गाठ सैल झालेली. तो तसाच मांडीवर घेऊन बराच वेळ जिन्यात बसून राहिले. त्या गाठीचं सांगायचंच आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते नीट कळायचं नाही.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. २०२२ चा श्रावण, सकाळी बँकेत जायला निघाले, बूट घालता घालता छातीत दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. त्याबद्दल आणखी काही लिहवत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला होता, नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची हे सगळं आमच्या गावात बंद म्हणून. आमच्या सांगलीपासून हेरवाड लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं, कुरुंदवाडच्या बाजूचं. मग सरकारनंही परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनी पण असं करावं. ह्यांनी ती बातमी मला चहा घेताना मोठ्यानं वाचून दाखवली होती, "चांगलं केलं बघ" म्हणाले आणि आंघोळीला गेले. एवढंच बोलणं. पण दहाव्याला एक लांबच्या काकू माझा हात धरायला पुढं आल्या ना, तेव्हा मला ती सकाळच आठवली आणि तोंडातून शब्द फुटेना. सासूबाई बोलल्या. "राहू द्या बांगड्या, माझ्या लेकानं भरल्यात त्या." ८१ वर्षांची बाई, पोटचा पोरगा गेलेला, आणि हे बोलली. त्यांचे उपकार मी जन्मात विसरायची नाही.

पहिली दिवाळी त्यानंतर दोनच महिन्यांत आली. दुखवट्याच्या घरात तळणीची कढई चढत नाही, त्यामुळं शेजारपाजारचे फराळाचे डबे येत होते, ओट्यावर सात-आठ डबे आणि प्रत्येकाची चकली वेगळी. लेक पुण्याहून आली होती पण दोघी एकमेकींशी फार बोलत नव्हतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधे सूर्यग्रहण आलं होतं, म्हणजे सण मधेच एक दिवस थांबल्यासारखा झाला, आणि मी मनात म्हणत होते की असंच थांबू दे, पाडवा येऊच नको दे.

पाडव्याचं काय ते ज्याच्या त्याला माहीत. आमच्याकडं सकाळी ह्यांना तेल लावून न्हाऊ घालायचं, संध्याकाळी पाटावर बसवून ओवाळायचं आणि मग ताटात ओवाळणी. हे बँकेत कॅशियर. त्यामुळं ओवाळणीची नोट कायम कोरी करकरीत, बँकेतल्या पे-इन स्लिपच्या कोऱ्या बाजूचं घडी घालून पाकीट करायचे आणि त्यावर बारीक अक्षरात साल लिहायचे. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला, १९९६ ला, ५१ रुपये होते. मी ते सगळे खर्च केले दरवर्षी, भांडं घे, साडीला फॉल लाव, लेकीची सहल, आणि त्यांना तेच आवडायचं, नोट फिरली पाहिजे म्हणायचे.

एक नोट मात्र फिरली नाही. २०१६ चा पाडवा ३१ ऑक्टोबरला होता, ह्यांनी ५०० ची नोट घातली आणि बरोबर आठ दिवसांनी ८ नोव्हेंबरला रात्री ती बंद झाली. पुढचा दीड-दोन महिना माणूस घरात दिसलाच नाही. रात्री दहा-दहाला यायचे, बोटं सुजलेली, जेवताना घास हातातून पडायचा, आणि बाहेरच्या रांगेत म्हातारी माणसं उन्हात उभी असतात ते बघून ह्यांना रात्री झोप लागायची नाही. सगळ्या गावाच्या नोटा मोजून घेणारा हा माणूस, आणि मी ती एक नोट द्यायला तयार नव्हते. "अगं, कॅशियरच्या घरात जुनी नोट म्हणजे काय," म्हणाले. मी म्हटलं ओवाळणी आहे, परत करायची नसते. ३० डिसेंबरची मुदत गेली आणि मग २०१७ मध्ये कायदा आला की जुन्या नोटा जवळ ठेवल्या तर दंड. माझा चेहरा पडला असणार, कारण दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी सांगितलं, "दहापर्यंत चालतात. तुझ्याकडं एकच आहे."

ती अजून आहे. मागच्या बाजूला दांडीयात्रा, रंग पिवळसर. तिला घडी पडलेली नाही.

आमच्याकडं जपून ठेवलेलं असं फार काही नाहीच म्हणा. २०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, गावभागातलं आमचं घर, खालचा मजला सगळा पाण्यात. लग्नाचा अल्बम, माझा शालू, लग्न ठरल्यावर ह्यांनी लिहिलेली चार पत्रं, सगळ्याचा चिखल झाला. उरलं ते माळ्यावरचं आणि वरच्या कपाटातलं. म्हणजे ही पाकिटं, कंदिलाचा सांगाडा, आणि नंतर बँकेतून घरी आणून दिलेला त्यांचा स्पंजचा डबा. नोटा मोजताना बोट ओलं करायचा असतो ना, तो. स्पंज वाळून कडक झालाय आणि मधोमध अंगठ्याएवढा खड्डा आहे. त्यात मी अजून कधी पाणी घातलेलं नाही.

तर पहिला पाडवा. पंचांगानं असं केलं की त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आले. मी ठरवलेलं, तबक काढायचंच नाही. संध्याकाळी मिरजेहून दादा आला, कुणाशी काही न बोलता आत गेला, देवघराशेजारचा पाट स्वतः उचलून आणला, मांडला आणि वर बसून टोपी घातली. मी म्हटलं दादा, यावर्षी नको रे. तो म्हणाला, "मी काय तुझ्या नवऱ्याचा भाऊ आहे होय? तुझा आहे. लाव दिवा." मग तबक निघालं. निरांजनाची वात लावताना हात इतका थरथरत होता की लेकीनं धरला. पण ओवाळलं. दादा गेल्यावर तबक पुसून ठेवावं म्हणून उचललं आणि मला असं झालं की आज पाडवापण आहे आणि निरांजन अजून जळतंय. मग तेच तबक ह्यांच्या फोटोपुढं फिरवलं, एकदाच. बरोबर की चूक ते मला माहीत नाही, कुणाला विचारलंही नाही.

दुसऱ्या वर्षी दोन हजाराच्या नोटेचा प्रश्न आला. २०१७ च्या पाडव्याची ती नोट राहून गेली होती, आणि २०२३ च्या मे मध्ये रिझर्व्ह बँकेनं २००० च्या नोटा परत घ्यायचं जाहीर केलं. आता सांगायला हे नव्हते. खूप दिवस पाकीट उघडायचं आणि बंद करायचं चाललं होतं, शेवटी सप्टेंबरात एक दिवस साडी नेसले आणि ह्यांच्याच शाखेत गेले. काउंटरला नवीन मुलगी होती, तिला मी कोण माहीत नव्हतं आणि मला ते बरंच वाटलं, तिनं ५०० च्या चार नोटा मोजून दिल्या. कोऱ्या होत्या. त्या पैशात डाळं, पोहे, तूप, सुकं खोबरं, कंदिलाचा कागद, सगळं आणलं आणि त्या दिवाळीला मी कढई चढवली. चकल्या पहिल्या घाण्याच्या तुटल्या, मोहन कमी पडलं होतं. अनारसे केले नाहीत, अजून करत नाही, ते ह्यांच्यासाठीच करायचे.

आणि कंदील. सहा चौकोन जोडून होतो तो जुन्या पद्धतीचा, बारा कोपरे, बारा गाठी. कामट्या ह्यांनी लेक पहिलीत असताना तासल्या होत्या, दरवर्षी सांगाडा तोच, कागद नवा. मैद्याची खळ मी शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं म्हणजे कीड लागत नाही. गाठी बँकेत नोटांची बंडलं बांधायला असायचा त्या जाड पांढऱ्या दोऱ्याच्या. दोन वर्षं मी नुसता कागद लावला, गाठींना हात लावायची वेळच आली नाही.

काल लेक आली, तिनं सांगाडा हातात घेऊन हलवला आणि म्हणाली, आई हे कागद लावल्यावर मोडणार, केबल टाय लावते. मी नको म्हटलं. मग तीच म्हणाली, बाबा कसे बांधायचे बघितलंयस का कधी? नव्हतं बघितलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही, मी तेव्हा कायम तळणीसमोर.

मग आम्ही दोघींनी ती सैल गाठ सोडवली. हळूहळू, सुईनं. दोन वेढे आडवे, मग तिरका एक, पुन्हा उलटा तिरका, आणि शेवटचं टोक आत खेचून घेतलेलं, बाहेरून दिसूच नये असं. लेकीनं मोबाईलवर प्रत्येक वेढ्याचा फोटो काढला. मग नवीन दोऱ्यानं बांधायला बसलो, माझी पहिली सुटली, दुसरी पण सुटली, तिसरी धरली. शेजारच्या अकरांपेक्षा जाडसर झालीय, हाताला लगेच कळते.

जुना दोरा वीतभर निघाला, नोटेच्या पाकिटात ठेवलाय.

ह्यांचा कंदील कायम पांढरा-पिवळा असायचा. लेक राणी रंग आणि पोपटी घेऊन आलीय, चौकोन पोपटी आणि त्रिकोण राणी म्हणते. खळ शिजवून ठेवलीय, गार झाली की बसतोच आता.