गळ किती मीटरवर सोडायचा

फिशफाइंडरच्या, म्हणजे ध्वनी सोडून पाण्यातले मासे आणि तळ दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर कोपऱ्यात तापमानाचा एक आकडा असतो. तो बघून "आज पाणी एकोणतीसला आहे" असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तो सेन्सर बहुतेक वेळा होडीच्या बुडाशी, ध्वनी सोडणाऱ्या ट्रान्सड्यूसरच्याच डबीत बसवलेला असतो. म्हणजे आकडा वरच्या फूटभर पाण्याचा. आपल्याला गळ सोडायचाय पाच मीटरवर, आणि तिथल्या पाण्याबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही.

माझा मामा तर फिशफाइंडरही मानत नाही. होडी त्याची, वल्ही त्याची, मतंही त्याचीच. "अगं, हात बुडवला की कळतं. वर तापलंय म्हणजे मासा गारव्याला तळाशी गेला. सोड खाली." ऐकायला बिनतोड वाटतं. मला शंका यायची ती आमिषामुळे. गळाला लावलेले जिवंत छोटे मासे तळापर्यंत सोडले की थोड्या वेळात मेलेले वर यायचे. मामा म्हणायचा, आमिषच मरतुकडं होतं. पण त्याच डब्यातला मासा तीन-चार मीटरवर तासभर वळवळत राहायचा. म्हणजे तळाशी गारवा होता, श्वास घ्यायला मात्र काही नव्हतं.

ही भानगड समजून घ्यायची तर पाण्याच्या वजनापासून सुरुवात करावी लागते. गोडं पाणी सगळ्यात जड असतं ते साधारण ४ अंश सेल्सिअसला. त्यापुढे तापत जाईल तसं ते हलकं होतं, पण सारख्या प्रमाणात नाही. एक घनमीटर पाणी ४ अंशांवरून ५ वर गेलं तर जेमतेम ८ ग्रॅमचा फरक पडतो. १० वरून ११ वर गेलं तर सुमारे ९५ ग्रॅमचा. आणि २९ वरून ३० वर गेलं तर जवळजवळ ३०० ग्रॅमचा! म्हणून कोमट तळ्यात एका अंशाचा फरकसुद्धा दोन थरांना एकमेकांत मिसळू देत नाही. वरचं हलकं पाणी वारा घुसळतो, पण त्याचा जोर ठरावीक खोलीपर्यंतच पोचतो. त्याखाली एक पट्टा येतो जिथे तापमान झपाट्याने उतरतं. हीच थर्मोक्लाइन. तिच्याखालचं पाणी गार, जड, आणि उन्हाळाभर तिथेच अडकून पडलेलं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा तळ्याचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थर्मोक्लाइन हे नाव रूढ केलं आणि ओळखायची खूणही दिली: मीटरमागे निदान एक अंशाची घट. ती खूण अजून सगळीकडे सांगतात. थंड प्रदेशातल्या तळ्यांना ती ठीक आहे. पाणी २८-३० अंशांचं असेल तर मी मीटरमागे अर्ध्या अंशाची घटही गांभीर्याने घेते, कारण वरचा हिशेब.

आता मोजायचं कसं. साधा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडला आणि वर ओढला, तर तो वर येताना वाटेतलं गरम पाणी पीत येतो आणि हातात येईपर्यंत भलतंच काही दाखवतो. ही अडचण फार जुनी आहे. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या सोस्यूर यांनी तळ्यांच्या तळाचं तापमान घेताना थर्मामीटर जाड आवरणात गुंडाळून तासन् तास खाली ठेवला होता, वर येताना आकडा लगेच बदलू नये म्हणून. १८७४ मध्ये लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा या उपकरणं बनवणाऱ्या जोडगोळीने हव्या त्या खोलीवर उलटा होणारा थर्मामीटर काढला. उलटला की पाऱ्याचा धागा तुटतो आणि तिथला आकडा तसाच गोठून राहतो. समुद्रावर तो कितीतरी दशकं वापरात होता.

आपल्याला एवढं करायची गरज नाही. माझ्याकडे डीएस१८बी२० नावाचा डिजिटल सेन्सर आहे, स्टीलच्या छोट्या नळीत बंद केलेला, तीन तारांचा. तारा एका लहानशा सर्किटला जोडल्यात आणि आकडा छोट्या पडद्यावर दिसतो. सेन्सर खालीच राहतो आणि आपण वर बसून वाचतो, त्यामुळे वर ओढतानाचा प्रश्नच मिटतो. त्याच्या माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे अर्धा अंश लिहिलीय. ते वाचून काही जण नाक मुरडतात. पण मला नेमके किती अंश आहेत याच्याशी फारसं देणंघेणं नाही, कुठल्या मीटरला आकडा घसरतो याच्याशी आहे. एकच सेन्सर सगळ्या खोल्यांवर फिरवला तर त्याची चूक सगळीकडे जवळपास सारखीच राहते आणि वजाबाकीत निघून जाते. तरी हौस म्हणून थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून त्यात सेन्सर बुडवून बघा. शून्याच्या आसपास आला की समाधान.

खरी चूक सेन्सरमध्ये नसते, दोरीत असते. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, म्हणून पॉलिस्टरची विणलेली दोरी घ्यावी, आणि वायर तिला जागोजागी बांधून टाकावी म्हणजे ओढ वायरवर येत नाही. दर मीटरला रंगीत दोऱ्याची गाठ, दर पाच मीटरला दुहेरी गाठ. शिशाचं वजन अगदी टोकाला आणि सेन्सर त्याच्या वीतभर वर, नाहीतर तळाला टेकल्यावर सेन्सर गाळात रुततो आणि पाण्याऐवजी चिखलाचं तापमान दाखवतो. वजन भरपूर लावा. वाऱ्याने होडी सरकत असेल तर दोरी तिरकी जाते, आणि उभ्या रेषेपासून ३० अंश तिरकी असली तर १० मीटर दोरी सोडूनही सेन्सर ८.७ मीटरवरच लटकतो. नांगर टाकून मोजणं उत्तम.

आणि घाई नको. स्टीलची नळी तापायला-निवायला वेळ घेते. प्रत्येक गाठीला मी मिनिटभर थांबते, आकडा हलायचा थांबला की लिहिते. खाली जाताना एकदा आणि वर येताना पुन्हा एकदा वाचते. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर समजायचं की कुठेतरी उतावीळपणा झाला. मामा तोवर विडी ओढतो आणि "झाली का तुझी पूजा?" असं विचारतो.

वहीतलं उन्हाळ्यातल्या एका पहाटेचं पान उतरवून देते. पृष्ठभाग २९.४. एक मीटर २९.४. दोन मीटर २९.३. तीन मीटर २९.२. चार मीटर २८.९. पाच मीटर २७.२. सहा मीटर २५.५. सात मीटर २४.७. आठ मीटर २४.३. तिथून तळापर्यंत, म्हणजे चौदा मीटरपर्यंत, हळूहळू २३.८. चार ते सहा मीटरमध्ये जवळजवळ साडेतीन अंश गेले. तिथेच ती थर्मोक्लाइन. मग गळ कुठे? मी चार मीटरवर लावला, म्हणजे पट्टा सुरू होतो त्याच्या जरा वर. सहावर नाही आणि तळाशी तर मुळीच नाही.

कारण प्राणवायू. तो पाण्यात येतो हवेतून आणि उजेडात वाढणाऱ्या शेवाळातून, आणि दोन्ही वाटा वरूनच येतात. थर्मोक्लाइनखाली झाकण बसल्यासारखं होतं. वरून मेलेलं शेवाळ, पालापाचोळा खाली पडत राहतो, तो कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो, आणि नवा येत नाही. खरं तर गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात ७.६. पण मावणं वेगळं आणि असणं वेगळं. लिटरमागे ५ मिलिग्रॅम असले तर बहुतेक मासे निवांत असतात, दोन-तीनच्या खाली उतरलं की बरेचसे तिथून काढता पाय घेतात.

म्हणून नुसत्या तापमानावरून "इथे मासा आहे" असं सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की उन्हाळ्यात शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात या रेषेखाली गळ सोडणं बहुधा वाया. चौदा मीटरमधले नऊ-दहा मीटर एका फटक्यात बाद होतात, हे काय थोडं झालं? स्वच्छ, खोल, शेवाळ कमी असलेल्या तळ्यांची गोष्ट वेगळी, तिथे खालचं पाणीही उन्हाळाभर जिवंत राहू शकतं. शंका असेल तर खोलवरचं पाणी बाटलीत भरून आणा. बाटलीला वजन बांधायचं, बुचाला वेगळी दोरी, हव्या त्या खोलीवर बूच झटक्यात ओढायचं. वर आल्यावर नाकाशी धरा. सडक्या अंड्याचा वास आला तर दुसऱ्या कुठल्या परीक्षेची गरज नाही. मामाला ही परीक्षा एकदम मान्य झाली. आकड्यांवर विश्वास नसला तरी नाकावर आहे.

दोन गोष्टींनी हे गणित हमखास बिघडतं. पहिली, दुपार. वारा पडलेला असला की भर उन्हात वरचं अर्धा-एक मीटर पाणी दोन-तीन अंशांनी तापतं आणि आकडे बघून वाटतं, थर्मोक्लाइन इथेच एक मीटरवर आहे. ती खोटी. रात्री वरचं पाणी निवतं, जड होऊन खाली बसतं आणि सकाळपर्यंत ती पुसली जाते. म्हणून मोजायचं तर पहाटे.

दुसरी गोष्ट वारा, आणि ही मला जास्त आवडते. एकाच दिशेने दिवसभर जोराचा वारा वाहिला की वरचं गरम पाणी ढकललं जाऊन पलीकडच्या काठाला साठतं. तिथे थर्मोक्लाइन खाली दाबली जाते आणि वारा येतो त्या काठाला ती वर उचलली जाते. म्हणजे एकाच तळ्यात, एकाच दिवशी, एका टोकाला ती सात मीटरवर आणि दुसऱ्या टोकाला तीन मीटरवर सापडू शकते. वारा थांबला की हा तिरका थर परत सरळ व्हायला जातो, पलीकडे झुकतो, पुन्हा इकडे येतो. वरून पाणी आरशासारखं आणि आत ही डुलणी चाललेली. स्कॉटलंडच्या लॉक नेसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही डुलणी थर्मामीटरने पकडली गेली. इतक्या लांब-खोल तळ्यात एक फेरी व्हायला दिवसच्या दिवस लागतात. छोट्या तळ्यात हे काही तासांत उरकतं. काल चार मीटरवर मासा लागत होता आणि आज त्याच जागी काहीच नाही, याचं कारण कधीकधी एवढंच असतं. वाऱ्यानंतर मी कालचा आकडा धरत नाही, ज्या जागी गळ टाकायचा तिथेच पुन्हा वायर सोडते.

ज्यांच्या तळ्यात ट्राउटसारखे थंड पाण्याचे मासे आहेत त्यांना हे मोजमाप आणखी उपयोगी. रेनबो ट्राउटला साधारण १२ ते १६ अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. भर उन्हाळ्यात वरचं पाणी त्याला सोसत नाही आणि खाली प्राणवायू नाही, अशा वेळी सगळे ट्राउट मधल्या मीटर-दोन मीटरच्या पट्टीत कोंडून बसतात. आकडे घेऊन ती पट्टी गाठली की मासे पटापट लागतात. पण पकडून सोडून देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की आधीच कोंडलेला मासा गरम पाण्यातून वर ओढून दमवला तर सोडल्यावर तो जगेलच असं नाही. अशा दिवसांत माझ्या मते गळ टाकूच नये. वायर सोडून आकडे घ्यावेत आणि परतावं.

फिशफाइंडरला अगदीच निकालात काढू नका. त्याची संवेदनशीलता वाढवत गेलात तर एका खोलीवर अस्पष्ट आडवी पट्टी उमटते. तापमान एकदम बदलतं तिथून ध्वनी थोडा परततो, शिवाय तिथे बारीक जीव जमा झालेले असतात. वायरने मोजलेल्या खोलीशी ती पट्टी एकदा जुळवून घेतली की मग तळ्यात इतरत्र फिरताना प्रत्येक ठिकाणी दोरी सोडावी लागत नाही.

हवा गार होऊ लागली की वरचं पाणी निवत निवत खालच्याइतकं होतं आणि एखाद्या वादळी रात्री सगळं तळं वरपासून तळापर्यंत एकत्र होतं. तळाचं कोंडलेलं पाणी वर येतं, त्याचा वास काठापर्यंत जाणवतो. बदल फार अचानक झाला तर मासे मरतातही. त्यानंतर वहीत वरपासून खालपर्यंत एकच आकडा, २२.१, २२.१, २२.०, २२.०. थर नाहीत म्हणजे मासा कुठल्याही खोलीवर असू शकतो आणि माझी वायर काहीच सांगू शकत नाही. तेव्हा मी ती गुंडाळून ठेवते आणि जागा मामाला निवडू देते.