तुम्ही विचारलंत म्हणून : बॉयलर जुना झाला, आता बदलू का?

घरे उबदार ठेवणाऱ्या गॅस बॉयलरच्या दुरुस्तीचे काम मी करतो, त्यामुळे ओळखीतले लोक मला हटकून विचारतात, की बॉयलर चालतो आहे, पण जुना झाला आहे, तर तो बदलावा का? गॅस बॉयलरचे आयुष्य साधारणपणे 10 ते 15 वर्षे मानले जाते. पण दरवर्षी तपासणी झालेला बॉयलर त्यापुढेही धडधाकट चालतो आणि खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधला काळा गाळ पोटात घेत चाललेला नवा बॉयलर चार-पाच वर्षांतच कुरकुरू लागतो. म्हणून वय कळल्यावरही मी विचारतो, की त्याचे नेमके बिघडले काय आहे?

ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, आवरणावर काजळी धरत असेल किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला असेल, तर मात्र विचार करत बसू नये. या वायूला वास नसतो. बॉयलर बंद करावा, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि अधिकृत तंत्रज्ञाला बोलवावे.

बाकी तक्रारींत घाई नडते. एका घरी दाबाचा काटा तापल्यावर 3 बारपर्यंत चढे, सुरक्षा झडपेतून पाणी गळे आणि गार झाल्यावर काटा शून्याकडे येई. बॉयलर संपला असे समजून घरच्यांनी नवा पसंतही केला होता. प्रत्यक्षात तापलेल्या पाण्याला फुगायला जागा देणाऱ्या प्रसरण टाकीतली हवा तेवढी निघून गेली होती. ती पुन्हा भरल्यावर बॉयलर निमूट चालू लागला. याउलट ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरला तडा गेला असेल किंवा सर्किट बोर्ड मिळेनासा झाला असेल, तर दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही.

मग गॅसच्या बचतीची गोष्ट निघते. नवे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचे पाणी करून तिच्यातली उष्णताही परत मिळवतात. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता 80 टक्के आणि नव्याची 92 टक्के धरली, तर तेवढ्याच उबेसाठी गॅस सुमारे 13 टक्के कमी लागतो. तुमच्या वार्षिक बिलातली तेवढी रक्कम काढून ती नव्या बॉयलरच्या किमतीशी ताडून पाहा, कारण घर लहान असेल तर भरपाईला फार वर्षे लागतात. शिवाय ही बचत आपोआप होत नाही. रेडिएटरमधून परत येणारे पाणी साधारण 55 अंश सेल्सिअसपेक्षा गार असेल तरच वाफेचे पाणी होते, आणि बसवणारे अनेकदा बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचे तापमान 75-80 अंशांवर ठेवून निघून जातात. ते उतरवून घ्या. (हा उपाय जुन्या, साध्या बॉयलरवर मात्र करू नका, त्याच्या आत जमणारे आम्लधर्मी पाणी धातू खाऊन टाकते.)

बदलायचे ठरलेच, तर जुन्याच क्षमतेचा नवा घेण्याआधी घराची उष्णतेची गरज मोजून घ्यावी. पूर्वी बॉयलर गरजेपेक्षा मोठे बसवत, आणि मोठा बॉयलर सतत चालू-बंद होत राहून गॅसही खातो व स्वतःही झिजतो. जुने रेडिएटर धुऊन, चुंबकीय गाळणी लावूनच नवा जोडावा. भिंती आणि छत ऊब धरून ठेवत असतील, तर बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढून आणणाऱ्या हीट पंपाचाही हिशेब मांडावा. तो विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता देतो.

आमच्या घरचा बॉयलर 17 वर्षांचा आहे. त्याचा हीट एक्स्चेंजर उत्तम आहे, पण पंख्याचा सुटा भाग आता मिळत नाही. तो ऐन थंडीत बंद पडला, तर जो मिळेल तो बॉयलर घ्यावा लागेल, म्हणून चालू असतानाच या उन्हाळ्यात तो बदलायचे मी ठरवले आहे.