खारपाण्यातली चांदी : आमची वाटचाल

आम्ही जखमेच्या पट्टीसाठी गॉजवर, म्हणजे विरळ जाळीदार सुती कापडावर, चांदी चढवतो. आमच्या युनिटमध्ये दिवस आता एका परीक्षानळीने सुरू होतो. डीएम प्लांटच्या (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राच्या) नळाचं १० मि.ली. पाणी, त्यात पातळ नायट्रिक आम्लाचे २ थेंब, वर सिल्व्हर नायट्रेटचे ४ थेंब. नळी काळ्या कागदासमोर धरायची. पाणी आरपार दिसलं तर मँगल, म्हणजे द्रावणात भिजलेलं कापड पिळणारं यंत्र, चालू. धुक्याची नुसती झाक आली, म्हणजे पाण्यात मीठ आहे, तरी त्या दिवशी बाथ, म्हणजे चांदीच्या द्रावणाची टाकी, भरायची नाही. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीखालचं पाणीच खारं) चांदीचं काम करायचं तर आधी ही नळी.

असल्या पाण्याच्या गावात युनिट का टाकलं, असं अजूनही विचारतात. कापूस इथला, गॉजचे ताके हाताशी, आणि चांदी खामगावची. खामगावला रजतनगरी म्हणतात ते उगीच नाही. चोख चांदी कशी ओळखायची, तेजाबात (नायट्रिक आम्लात) कशी विरघळवायची, धुतलेल्या पाण्यातून परत कशी काढायची, हे सगळं आम्हाला तिथल्या एका कारागीर काकांनी शिकवलं. सुरुवातीच्या भांडवलात त्यांचा चौथा हिस्सा होता, पण खरा हिस्सा त्यांच्या हाताचा. चांदीत तांबं असलं तर द्रावण निळसर दिसतं, आणि ते तांबं पुढे जखमेपर्यंत जातं. म्हणून हजारात ९९९ भाग शुद्ध असल्याशिवाय चांदी काकांनी कधी आत येऊ दिली नाही. १०० ग्रॅम चांदीतून १५७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट बसतं, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. तेजाबाचं काम उघड्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. त्यातून निघणारा तपकिरी धूर छातीत गेला की त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस बरा आहे असं समजून घरी गेलेला असतो.

मिठाचं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मिठाले पाहून चांदी गोठते, भाऊ. माह्या कामाचं ते मीठ, तुमच्या कामाचा वैरी." सराफी कामात धुण्याच्या पाण्यात मीठ टाकतात, चांदी दह्यासारख्या पांढऱ्या साक्यात खाली बसते आणि वाया जात नाही. आमच्या बाथमध्ये तेच झालं की माल गेला. मिठातलं १ मिलिग्रॅम क्लोराइड ३ मिलिग्रॅमहून थोडी जास्त चांदी बांधून टाकतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोराइड चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत. आमचा बोअर त्या १००० च्या आसपास. आमच्या बाथमध्ये लिटरला ५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे ३.१८ ग्रॅम चांदी. बोअरचं पाणी थेट घेतलं तर त्यातली ३.०४ ग्रॅम गॉजला लागायच्या आधीच साका होऊन बसेल.

काम असं चालतं. गॉज पेरॉक्साइडने ब्लीच केलेलाच घ्यायचा. हायपोक्लोराइटचा घेतला आणि नीट धुतला नसेल तर धाग्यातच क्लोराइड राहतं. तुकडा पाण्यावर टाकला की १० सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. तरंगला तर मेण किंवा खळ शिल्लक आहे, चांदी ठिपक्याठिपक्यांनी लागणार. मग मँगल. दोन रबरी रोलर, दाब असा की १ किलो गॉज ८०० ग्रॅम द्रावण घेऊन बाहेर पडावा. रोलर मधोमध झिजला की ताक्याच्या मध्यावर गडद पट्टा येतो, कारण तिथे पिळणं कमी होतं. दर पंधरवड्याला रोलरखालून कार्बन पेपर फिरवून ठसा बघायचा. त्यानंतर विरघळलेल्या चांदीला धातूरूपात आणणाऱ्या सोडियम बोरोहायड्राइडचा थंड बाथ. तो त्याच तासाला बनवायचा, कारण पाण्यात तो आपोआप खपत जातो आणि हायड्रोजन सुटतो. खिडक्या उघड्या, बिडी-काडी लांब. पांढरा गॉज इथे पिवळा, मग मधासारखा तपकिरी होतो. सुकवून पुन्हा एक फेरी, आणि किलोमागे साधारण ५ ग्रॅम चांदी बसते. मग डीएम पाण्यात धुणं. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. धुकं आलं तर मोकळी चांदी अजून सुटते आहे, परत धुवा.

गॉजवर किती चांदी बसली याचं मोजमाप ब्युरेटवर, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडणाऱ्या काचनळीवर. १० ग्रॅम गॉज कोमट पातळ नायट्रिक आम्लात ठेवला की चांदी सुटते आणि गॉज पुन्हा पांढरा पडतो. मग द्रावण उकळून तांबूस धूर पूर्ण घालवायचा. तो राहिला तर खोटा लाल रंग येतो, आणि नवशिका थेंब सोडणं (टायट्रेशन) अलीकडेच थांबवतो. नंतर रंग दाखवायला फेरिक अॅलम, आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल अमोनियम थायोसायनेट. १ मि.ली.ला १०.७९ मिलिग्रॅम चांदी. आमच्या गॉजला ४.७ मि.ली.च्या आसपास फिकट विटकरी रंग टिकला पाहिजे. ही ब्युरेट काकांनी नागपूरहून आणलेली, पितळी चिमट्याची. चिमटा बदलला, काच तीच आहे.

पहिली काही वर्षं ऑर्डर येत गेल्या, माल जात गेला. आम्ही जॉबवर्क करतो. निर्जंतुकीकरण आणि पॅकिंग परवानाधारक ड्रेसिंग कंपन्या करतात. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचं आहे ते त्या मे महिन्याबद्दल. बोअर खोल गेला, पाणी जास्त खारं झालं. आरओच्या मेंब्रेनच्या टोकाचा ओ-रिंग (रबरी कडं) फाटला आणि कच्चं पाणी थेट शुद्ध पाण्यात मिसळू लागलं. डीएमच्या रेझिनने (क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांनी) दोन दिवस सगळं झेललं, तिसऱ्या दिवशी हात टेकले. पाण्यातले क्षार दाखवणारं कंडक्टिव्हिटी मीटर होतं, पण त्याच्या प्रोबवर पांढरं कीट चढलेलं, आकडा महिनाभर जागचा हलला नव्हता, आणि तो आकडा छान आहे असंच आम्ही रोज लिहीत होतो. बाथ दुधाळ झाला तेव्हा कापसाचे तंतू असतील म्हणून कापडातून गाळून घेतला. गाळला तो साका, म्हणजे आमचीच चांदी. ६ ताके त्या बाथमधून गेले. रंग फिका आला. सुकवणीच्या शेडमध्ये जिथे पत्र्याच्या भोकातून ऊन पडत होतं, तिथे जांभळट ठिपके उमटले. सिल्व्हर क्लोराइड उन्हात असंच जांभळं पडतं. सराफाच्या दुकानातल्या पोरालाही ते माहीत असतं.

ब्युरेटवर त्या मालाची चांदी ४.७ ऐवजी ३ मि.ली.ला संपली. आम्लाने पांढरा झालेला गॉज धुऊन उन्हात ठेवला, तर तो पुन्हा राखाडी-जांभळा झाला. सिल्व्हर क्लोराइड नायट्रिक आम्लात विरघळत नाही, ते धाग्यातच बसून होतं. नंतर तपासलेल्या पाण्यात क्लोराइड ४०० मिलिग्रॅम निघालं, म्हणजे लिटरमागे १.२ ग्रॅम चांदी गेली. हिशेब तंतोतंत जुळला, पण तोवर ४ ताके कंपनीकडे पोचले होते. आम्हीच फोन करून ते परत मागवले. रुग्णापर्यंत एक पट्टीही गेली नाही, हे आम्ही आजही छाती ठोकून सांगतो. पण वर्षभराचं काम थांबलं, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) मर्यादेला टेकली, आणि काकांनी त्यांच्या दुकानातली चांदी उधारीवर दिली म्हणून मँगल विकायची वेळ टळली.

ह्याच वेळी एका दुसऱ्या पुरवठादाराने बाजारात सांगायला सुरुवात केली, "खारपाण्याचा माल आहे तो, त्यात चांदीच नाही." आमची चूक आम्ही स्वतः कळवलेली, आणि तीच आमच्या तोंडावर मारली गेली. पुढच्या निविदेत त्याचा नमुना आमच्यापेक्षा गडद, जवळजवळ काळा. खरेदी समितीत मत पडलं की काळा म्हणजे चांदी जास्त. हे उलटं आहे. चांदीचे कण बारीक असले तर रंग पिवळा-तपकिरी दिसतो. कण एकमेकांना चिकटून मोठे झाले की राखाडी-काळा, आणि तेवढ्याच वजनाला पृष्ठभाग कमी. जंतूंवर धातू म्हणून चांदी काही करत नाही. ओलाव्यात तिच्यातून आयन सुटतो, तो जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला धरतो, त्याचा श्वसनाचा गाडा थांबवतो. पृष्ठभाग कमी तर आयन कमी.

मग प्लेट टेस्ट, म्हणजे जंतू वाढवलेल्या बशीवर पट्टीचा तुकडा ठेवून त्याभोवती जंतू किती मरतात ते बघणं. स्टॅफिलोकॉकस या जखमेतल्या जंतूच्या प्लेटवर त्याच्या नमुन्याभोवती ६ मि.मी.चं स्वच्छ कडं, आमच्याभोवती २. तिथेच निविदा त्याला गेली. आम्ही विनंती केली की तेच तुकडे २४ तासांनी नव्या प्लेटवर ठेवा, परत २४ तासांनी तिसऱ्यावर. वेळ नाही म्हणाले. आम्ही स्वखर्चाने दुसऱ्या प्रयोगशाळेत केलं. तिसऱ्या प्लेटवर त्याचं कडं शून्य, आमचं दीड मि.मी. टिकून. त्याचा गॉज न धुतलेल्या सिल्व्हर नायट्रेटने भरलेला होता, पहिल्याच दिवशी सगळं वाहून गेलं. तीन दिवस ठेवायची पट्टी दुसऱ्या दिवशी नुसतं कापड झालं तर त्या रुग्णाचं काय? तो अहवाल आम्ही पाठवला. पोच आली, उत्तर आलं नाही. याचं दुःख अजून आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

ज्यांनी आमच्या मालाची बाजू घेतली त्या एका बर्न वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. चुलीवर पऱ्हाटी पेटवताना, रॉकेलच्या भडक्यात भाजलेल्या बाया त्यांच्याकडे येतात. त्यांनीच एकदा विचारलं, "भाऊ, सलाइननं भिजवली की तुमची जाळी फिकी-राखाडी पडते, डिस्टिल्ड वॉटरनं नाही पडत. कामून?" वर्षभर मालाच्या मागे लागलेल्या आम्हाला हे वॉर्डात बघायचं सुचलं नव्हतं. १ मि.ली. सलाइनमधलं क्लोराइड साडेसोळा मिलिग्रॅम चांदी बांधू शकतं, आणि आमच्या १० बाय १० सें.मी.च्या ८ पदरी पट्टीत चांदी असते सुमारे १२. जखमेच्या स्रावात मीठ असतंच, म्हणून तर पट्टीत साठा ठेवावा लागतो. बाहेरून आणखी कशाला ओतायचं? तेव्हापासून प्रत्येक पेटीवर मराठीत छापतो : निर्जंतुक पाण्याने भिजवा, सलाइन नको, खाली व्हॅसलिनचं मलम नको. काढताना कोरडी ओढू नका, ५ ते १० मिनिटं कोमट निर्जंतुक पाणी घाला.

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी अमोनियात विरघळवलेली चांदी कधीही साठवून ठेवू नये. सुकता सुकता तिचा स्फोटक बनतो, बरणी हलवली तरी उडतो. उरलेलं द्रावण त्याच दिवशी मीठ आणि आम्ल घालून मारून टाका.

आणि वापरणाऱ्यांसाठी. चांदी जुनी आहे. लाइपझिगच्या क्रेडेने १८८१ साली नवजात बाळांच्या डोळ्यांत २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सांगितला, १९६५ मध्ये मॉयरने भाजलेल्यांसाठी ०.५ टक्क्यांचं द्रावण, १९६८ मध्ये फॉक्सने सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर लावायचं चांदीचं मलम. पण चांदी लावली की संसर्ग टळलाच असं नाही. अमेरिकेत २००८ च्या चाचणीत श्वासनलिकेत घालायच्या चांदी लावलेल्या नळीने व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया ७.५ टक्क्यांवरून ४.८ वर आला. ब्रिटनमध्ये २०१२ ला चांदी लावलेल्या कॅथेटरचा (लघवीच्या नळीचा) थोड्या दिवसांच्या वापरात साध्या कॅथेटरपेक्षा सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. स्वच्छ, भरत आलेल्या जखमेवर चांदी नको, ती नव्या पेशींनाही त्रास देते. २ आठवडे वापरून डॉक्टरांकडून जखम पुन्हा बघून घ्या. सल्फाडायझिनचं मलम सल्फाची अॅलर्जी असलेल्याला, दिवस भरत आलेल्या बाईला, २ महिन्यांच्या आतल्या बाळाला नको, आणि जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. पिण्यासाठी चांदीचं पाणी विकणारे गावागावात फिरतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. त्याने कातडी कायमची निळी-करडी पडते, ती कशानेही उतरत नाही.

काका आता दुकानात बसत नाहीत. धुण्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये आम्ही मीठ टाकतो, साका वर्षातून दोनदा खामगावला जातो आणि त्यांच्या मुलाच्या मुशीतून चांदीची कांडी होऊन परत येते. कंडक्टिव्हिटी मीटर आता दोन आहेत, एक आरओनंतर, एक डीएमनंतर, आणि दर सोमवारी दोन्ही प्रोब पातळ आम्लाने घासून निघतात. यंदा मे महिन्यात बोअरचं क्लोराइड १३०० वर गेलं. मेंब्रेनचे सगळे ओ-रिंग एप्रिलमध्येच बदलले होते, रेझिन चार दिवस आधी रिजनरेशनला (पुन्हा ताजं करायला) काढलं, आणि सिस्टरच्या वॉर्डासाठीचे १४ ताके ठरल्या तारखेला कंपनीकडे गेले.